हद्द

ओहोटीचं वेळापत्रक बघून आम्ही निघतो.
मुहर्रकच्या उत्तरेला, दैर गावापुढे,
ड्रेजर रात्रभर वाळू ओकतो
आणि सकाळी मी तिला क्रमांक देतो.
काल जिथे खेकडे होते
तो आज भूखंड चारशे सतरा.
माझं काम एवढंच: समुद्र कुठे संपला ते लिहिणे,
तेही दशांशचिन्हानंतर तीन आकड्यांपर्यंत.

हाजी मकी रोज येऊन उपड्या क्रेटवर बसतो.
त्याच्या आजाचा हद्रा इथे होता,
खजुराच्या झावळ्यांचं पाण्यातलं कुंपण.
भरती मासे आत सोडायची,
ओहोटी दार लावून घ्यायची.
कागद आहे त्याच्याकडे, शिक्क्यासकट, प्लास्टिकमध्ये.
पूर्वेस अमक्याचा हद्रा, पश्चिमेस तमक्याचा,
उत्तरेस (इथे तो बोट ठेवतो) समुद्र.
शेजारी म्हणून समुद्र लिहिलेला उतारा
मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

बी.ए.ला मला तत्त्वज्ञान होतं,
संगमेश्वरहून एसटीने, दोन वर्षं.
मग वडील गेले, मग सर्व्हेचा डिप्लोमा.
पोंक्षे सर फळ्यावर शतकं ओढायचे:
कोणी म्हणालं, राज्य करणाऱ्यापाशी सोनंनाणं नसावं.
कोणी म्हणालं, सगळ्यांचं ते कोणीच झाडत नाही.
कोणी म्हणालं, घाम मिसळला ती माती तुझी.
कोणी म्हणालं, पहिली मेख ठोकणारा पहिला चोर
आणि बघत उभे राहिलेले त्याचे साक्षीदार.
टीपा लिहा, कोणत्याही दोन, दहा गुण.

घामाचं मी मकीला सांगितलं, मोडक्या अरबीत.
तो हसला. बाप त्याचा मोत्यांसाठी बुडी मारणारा,
नाकाला चिमटा, पायाला दगड,
दोरी दुसऱ्याच्या हातात.
"पाण्याखाली घाम दिसतो होय?"
मोती तांडेलाच्या लाल कापडावर, कर्ज बापाच्या नावावर.
बाप गेला तेव्हा वही थोरल्या भावाकडे आली.
मोती कोणाच्या गळ्यात गेले
ते वहीत नव्हतं.

इथे उतरलो तेव्हा पाणीसुद्धा मागता येत नव्हतं.
पण नोंदणी कचेरीत, पहिल्याच दिवशी,
कारकून बोलत गेला नि मला कळत गेलं:
मालिक. हक्क. हद्द. वारिस. हिसाब. बाकी.
शेकडो वर्षांपूर्वी हेच शब्द
फारसीच्या तारवातून आमच्याकडे आले,
त्यांना कोणी व्हिसा विचारला नाही,
आणि सातबाऱ्यावर मिरासदार होऊन बसले.
मी इथे उपरी.
सोळा वर्षं मोजतोय, वीतभर नावावर नाही.
(मालक तसा चांगला आहे. ईदला खजूर पाठवतो.
चांगल्या मालकाचं काय करायचं
हा प्रश्न पेपरात कधी आला नाही.)

काल मकीने विचारलं,
तुमच्या भाषेत 'आमचं' कसं म्हणतात?
म्हटलं, दोन शब्द आहेत.
एक 'आमचं'. त्यात तू नाहीस.
एक 'आपलं'. त्यात तूही आलास.
तो बराच वेळ गप्प. ओठांत दुसरा शब्द घोळवून पाहिला,
जमला नाही.
"मग भांडणं कमी असतील तुमच्यात."
मला आमचा बांध आठवला,
चुलत्याने एका रात्रीत सरकवलेला दीड हात,
त्यावर अकरा वर्षं कोर्ट.
मी दुर्बिणीला डोळा लावला.

पलीकडे बशीर मेख ठोकत होता.
वाळू ओली. मेख कलायची,
तो उपसायचा, पुन्हा रोवायचा.
हाजी मकी क्रेटवरून उठला, गुडघ्यावर हात टेकत,
वाकला,
आणि त्याने मेख दोन्ही हातांनी सरळ धरली,
आजाच्या पाण्यावरची मेख,
पोराच्या अंगठ्यावर घाव बसू नये म्हणून.

चारशे अठरा.